घरच्या अलार्मचा कोड सगळ्यांना एकच? मग हे वाचा

सुट्टीत गावी निघताना तुम्ही घराचा अलार्म लावला. पण सहा महिन्यांपूर्वी काम सोडलेल्या माणसाला तोच कोड माहीत असेल, तर सायरन बंद करायला त्याला चार आकडे पुरेसे आहेत.

कोड किती प्रकारचे?
मास्टर कोड घरमालकाचा. त्याने इतरांचे कोड तयार करता येतात, काढताही येतात. युजर कोडने मुख्यतः अलार्म चालू-बंद होतो.

काय काळजी घ्याल?
• अलार्म बसवून झाला की मूळ मास्टर कोड लगेच बदला. १२३४ सारखा कोड ठेवू नका.
• प्रत्येकाला वेगळा कोड द्या. कोणत्या कोडने, किती वाजता अलार्म बंद झाला, याची नोंद अनेक पॅनलमध्ये राहते.
• कुणी काम सोडले की त्याच दिवशी त्याचा कोड काढा. बाकीच्यांचे कोड तसेच राहतात.
• चार आकडी कोड १०,००० प्रकारे बनतो. पण रोजच्या वापराने तीच चार बटणे झिजलेली दिसली, तर शक्यता उरतात फक्त २४! म्हणून कोड अधूनमधून बदला.
• काही पॅनलमध्ये 'संकट कोड' असतो. कुणी धमकावून अलार्म बंद करायला लावला, तर तो टाका. अलार्म नेहमीसारखा बंद होतो; पण देखरेख केंद्राला गुपचूप इशारा जातो.