भीमेच्या पाण्यावर राफ्टिंग, पण कोकणात!

पुणे : भीमाशंकरच्या डोंगरावर वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. येथे उगम पावणारी भीमा ८६१ किलोमीटरचा प्रवास करून कर्नाटकात कृष्णेला मिळते. याच रांगेतून निघालेली घोड नदी आंबेगाव तालुक्यातून वाहत जाऊन पुढे भीमेत विलीन होते. असे असूनही फेसाळत्या पाण्यातून, किनाऱ्यावर मुक्काम करीत, अनेक दिवस चालणारी राफ्टिंग मोहीम येथे का होत नाही, असा प्रश्न साहसप्रेमींना पडतो. त्याचे उत्तर सह्याद्रीच्या रचनेत आणि पाण्याच्या वेळापत्रकात आहे.

राफ्टिंगसाठी नदीला पुरेसा उतार, खडकाळ पात्र आणि दीर्घकाळ टिकणारा प्रवाह लागतो. लडाखमधील झंस्कार नदीला उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाचे पाणी मिळते. त्यामुळे खोल दऱ्यांतून सिंधूच्या संगमापर्यंत तेथे अनेक दिवसांची मोहीम करता येते. सह्याद्रीतील नद्यांना मात्र पावसाचाच आधार. जून ते सप्टेंबर या काळात त्या दुथडी भरून वाहतात आणि हिवाळा सरता सरता उगमाकडील पात्रे कोरडी पडू लागतात.

भूरचनाही अनुकूल नाही. भीमाशंकरच्या पश्चिमेला डोंगर कोकणात कड्यांनी तुटतो. तेथील पाणी धबधब्यांच्या रूपाने कोसळते. त्यावर तराफा चालणे अशक्य. पूर्वेला भीमा चासकमान धरणात, तर घोड डिंभे धरणात अडते. जलाशयांच्या संथ पाण्यामुळे सलग, वेगवान प्रवाहाचा लांब टप्पा उरत नाही.

कुंडलिकेचे रहस्य

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर मात्र पावसाळा संपल्यावरही राफ्टिंग चालते. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथील जलविद्युत केंद्रात सोडले जाते. १९२७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रातून वीजनिर्मितीनंतर बाहेर पडणारे पाणी कुंडलिकेत येते. ते सुटले की काही तास पात्र भरते आणि साजेगावपासून सुमारे १२ किलोमीटरचा टप्पा राफ्टिंगयोग्य होतो. वीजनिर्मिती थांबली की पाणी ओसरते. म्हणूनच ही सफर काही तासांचीच असते.

यातील गंमत अशी, की मुळशीत अडवलेली मुळा ही भीमेच्याच खोऱ्यातील नदी. धरण नसते, तर हे पाणी पुण्यावरून भीमेत गेले असते. त्यासाठी मोजलेली किंमतही विसरता येत नाही. १९२१ मध्ये जमिनी वाचविण्यासाठी मावळातील शेतकऱ्यांनी मुळशी सत्याग्रह पुकारला. सेनापती बापट त्याचे अग्रणी होते. लढा अपयशी ठरला आणि गावे पाण्याखाली गेली.

धोका कोठे?

कुंडलिकेत पाणी केव्हा सुटणार, हे ठाऊक असते. तरीही लाइफ जॅकेट, शिरस्त्राण आणि प्रशिक्षित मार्गदर्शक अनिवार्यच मानले जातात. भीमाशंकर परिसरातील ओढ्यांना असे वेळापत्रक नाही. वर डोंगरात जोरदार सर झाली, की खाली ऊन असतानाही अल्पावधीत लोंढा येऊ शकतो. अतिवृष्टीत येथील उतारही भरवशाचे नसतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, त्यात दीडशेहून अधिक जणांचा बळी गेला. त्यामुळे पावसाळ्यात येथील फेसाळते पाणी काठावरून, सुरक्षित अंतरावरूनच पाहणे शहाणपणाचे.