धोबी तलावापासून गिरगावापर्यंत

मुंबईत येणारा पाहुणा बहुधा प्रथम चौपाटीकडे धाव घेतो. परंतु या शहराचा स्वाद ज्यास सावकाशीने घ्यावयाचा असेल, त्याने सकाळच्या प्रहरी धोबी तलावावरील, १९०४ साली स्थापन झालेल्या कयानी आणि कंपनी या इराणी उपाहारगृहात जाऊन बसावे, ब्रून मस्का मागवावा, आणि त्या पावाचे कडक कवच मऊ होऊन चहावर लोण्याचा तवंग पसरेपर्यंत तो तुकडा खुशाल बुडवून धरावा. (चमच्याने खाणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.)

तेथून गिरगावाकडे पायीच निघावे. खोताच्या वाडीतील लाकडी जिने नि सज्जे अवश्य न्याहाळावेत. मात्र ही लोकांची राहती घरे असल्यामुळे दारात उभे राहून छायाचित्रे काढण्याचा अगोचरपणा करू नये. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव साजरा करणारी केशवजी नाईकांची चाळही याच परिसरात आहे. भूक लागलीच, तर विनय हेल्थ होममधील मिसळ आहे.

दुपारच्या भोजनास बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया गाठावे. तेथील आंबटगोड बेरी पुलावाची कीर्ती, माझ्या मते, यत्किंचितही अवास्तव नाही.