दृष्टी गेली, तरी डोळा जागा

अंधुक उजेडासाठी दंडपेशी, रंगांसाठी शंकुपेशी. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी एवढ्याच, असं नेत्रशास्त्र शंभराहून अधिक वर्षं मानत होतं. संशोधक रसेल फॉस्टर यांच्या उंदरांनी १९९१मध्ये या समजाला धक्का दिला. आनुवंशिक आजारामुळे त्यांच्या दंडपेशी पार नष्ट झाल्या होत्या, शंकुपेशीही जवळजवळ उरल्या नव्हत्या. तरीही त्यांचं दिवस-रात्रीचं चक्र उजेडाबरहुकूम चालू होतं. डोळे काढले, की मात्र ते बिघडायचं.

माणसांचं काय? हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांनी १९९५मध्ये अकरा अंध व्यक्तींची तपासणी केली. रात्री रक्तात मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक वाढतं आणि प्रखर उजेडात ते घटतं. या अकरापैकी तिघांचं मेलाटोनिन घटलं, आणि त्यांना तर समोर दिवा आहे की नाही हेही कळत नव्हतं! त्यांपैकी दोघांचे डोळे झाकून पुन्हा उजेड टाकला, तर ते घटलं नाही. म्हणजे खबर डोळ्यांतूनच जात होती.

ती पोचवणारं रसायन सापडलं बेडकाच्या कातडीत. इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांनी १९९८मध्ये त्याला ‘मेलानॉप्सिन’ नाव दिलं. पुढे ते माणसाच्या नेत्रपटलातही आढळलं. मग २००२मध्ये डेव्हिड बर्सन यांनी थेट पेशीच गाठली. दिवस-रात्रीचं चक्र चालवणाऱ्या, उंदराच्या मेंदूतल्या जैविक घड्याळात त्यांनी रंगद्रव्य टोचलं. ते मज्जातंतूंमधून उलट्या दिशेने झिरपत नेत्रपटलात पोचलं आणि मोजक्या पेशी उजळल्या. दंड आणि शंकू पेशींकडून येणारे संदेश औषधांनी बंद केले, तरी या पेशी उजेड पडताच संदेश पाठवत राहिल्या. हा प्रयोग मला विलक्षण देखणा वाटतो.

या पेशींना सर्वाधिक चेतवतो तो ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळा प्रकाश. सकाळच्या आकाशात तो भरपूर असतो, म्हणून सकाळी थोडा वेळ उघड्यावर गेलेला चांगला.

नेत्रतज्ज्ञांसाठी यात मोठा प्रश्न आहे. कर्करोग किंवा असह्य वेदना असेल, तर दृष्टिहीन डोळा काढावा लागू शकतो. पण ‘नाहीतरी दिसत नाही’ हे कारण पुरेसं नाही. अशा रुग्णाला रात्री वेळेवर झोप लागते का, हे आधी विचारायला हवं; लागत असेल, तर त्या डोळ्यातून उजेडाची खबर अजून जात असू शकते. माणसाचं आतलं घड्याळ सहसा चोवीस तासांहून किंचित लांब चालतं. उजेडाची खबर थांबली, की बहुतेकांची झोप रोज थोडी पुढे सरकते आणि काही आठवड्यांनी भरदिवसा डोळे मिटू लागतात. अशा अनेकांना रोज ठरलेल्या वेळी मेलाटोनिनची गोळी घेऊन ते घड्याळ लावावं लागतं.