नाव आधी बुडवून पाहावी

मे महिन्यात ईसापूर धरणाचं पाणी मागे सरकतं आणि एरवी कुणाच्या नजरेला न पडणारी जमीन उघडी होते. बुडालेल्या शेतांचे बांध, बाभळीचे काळे पडलेले खुंट, दगडांचे ढीग, तडे गेलेला गाळ. पुसद तालुक्याच्या बाजूने त्या जमिनीवरून मी एका भोई मामा-भाच्यासोबत चालत होतो. भाच्याने तेव्हा नाव घेतलेली नव्हती. पैसे जमले होते, मच्छीमार संस्थेत सभासद म्हणून त्याचं नाव लागलं होतं, आणि मामांनी त्याला नाव बनवणाऱ्याकडे नेण्याच्या आधी इथे आणलं होतं. "आंधी पाणी पाय, मंग नाव घे," एवढंच ते म्हणाले. आम्ही उभे होतो तिथे पाण्याचा थेंब नव्हता.

प्रत्येक खुंटापाशी मामा थांबत. काठावरचं एखादं लिंबाचं झाड, पलीकडची टेकडी आणि तो खुंट यांची रेघ डोळ्यांनी जुळवून घ्यायला भाच्याला सांगत. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली जाईल आणि वरून सपाट, निळं दिसेल. खुंट मात्र जागेवरच राहील. शिवाय पाणी एका उंचीवर ठरत नाही. ईसापूरचं पाणी हिंगोली, नांदेड आणि यवतमाळच्या शेतांना जातं. कालव्याला आवर्तन सुटलं की पातळी उतरते, आणि आज ज्याच्यावरून नाव बिनधास्त गेली तोच खुंट पंधरवड्याने चार बोटं पाण्याखाली टपून असतो. गाळाचंही तसंच. काळ्या मातीचा ओला गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय घातला की मांडीपर्यंत धरून ठेवतो. नाव कुठे लावायची आणि कुठे अजिबात लावायची नाही, हे मामांनी भाच्याला त्या दिवशी चालवूनच शिकवलं.

यवतमाळ आणि हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा अडवून हे धरण १९८२ मध्ये उभं राहिलं. भिंतीची लांबी चार किलोमीटरहून जास्त, उंची ५७ मीटर. पुसद शहराजवळ पूस नदीवरचं धरण त्याच्याही आधीचं, १९७१ चं. समुद्रापासून इतक्या दूरच्या या तालुक्यात माणसं नाव घेतात ती या दोन पाण्यांमुळे. जलाशयात मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो, संस्था मत्स्यबीज सोडते आणि सभासद कतला, रोहू, मृगळ धरतात. पण सभासद होणं वेगळं आणि नावेचा मालक होणं वेगळं. भाचा इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावेवर वाट्याने जात होता. कधी थर्माकोलच्या तुकड्यांना पोत्याचं कापड शिवून केलेल्या तराफ्यावर एकटाच. तराफ्यावर माणूस स्वतःपुरता जीव धोक्यात घालतो. नावेत तो दुसऱ्यांना बसवतो.

नाव घ्यायची ठरली ती फायबरची. लाकडाची डागडुजी करणारे सुतार आता मिळत नाहीत, पत्रा गंजतो, फायबर हलकं आणि टिकाऊ. हे सगळं खरंच आहे. मात्र लाकूड आणि फायबर यांच्यात एक फरक आहे, तो नव्या मालकाला कुणीतरी सांगायलाच हवा. लाकडी नावेत पाणी भरलं तरी लाकूड तरंगतं. फायबर पाण्यापेक्षा जड असतं. काठोकाठ भरलेली फायबरची नाव दगडासारखी तळाला जाते, तिच्या पोटात तरंगणारं काही भरलेलं नसेल तर. म्हणून पुढच्या आणि मागच्या टोकाला बंद कप्पे करतात. कप्पा नुसता पोकळ असला तर एका तड्यातून किंवा कडी बसवताना पाडलेल्या एका भोकातून तो हळूहळू भरतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. आत फोम असला तर फुटला तरी तारतो. एक घनफूट फोम २५ किलोहून थोडं जास्त ओझं उचलून धरतो. हा हिशेब भाच्याने कागदावर केला आणि नाव बनवणाऱ्याकडून कप्पे बंद होण्याआधी, स्वतःच्या डोळ्यांसमोर फोम भरून घेतला. किंमत वाढली. घासाघीस करायची ती रंगावर करावी, लांबीवर करावी. फोमवर करू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

दुसरी गोष्ट रुंदीची. नवखा माणूस लांब नाव मागतो, कारण लांब नाव मोठी दिसते. पण नाव कलंडते ती आडवी. रुंदी दीडपट केली तर तिचं आडवं स्थैर्य तिपटीहून जास्त वाढतं. मामांना हे गणित माहीत नव्हतं, पण तयार नावांपैकी त्यांनी बोट ठेवलं ते बुटक्या, पसरट नावेवर.

नाव आली, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला. आणि मामांनी ती बुडवायला काढली.

मुरमाड काठ निवडला होता, गुडघा ते कमरेइतकं पाणी, वारा नाही, सकाळची वेळ. जाळी, डबा, दोर सगळं बाहेर काढलं. मग दोघांनी बादल्यांनी नावेत पाणी ओतायला सुरुवात केली. बघ्यांना वाटलं, नाव धुताहेत. पाणी घोट्याएवढं झाल्यावर मामांनी भाच्याला आत बसवून एका बाजूला थोडं कलायला सांगितलं. तो जेमतेम वीतभर सरकला असेल, आतलं सगळं पाणी त्याच्याकडे धावलं आणि काठ एकदम खाली गेला. त्याने स्वतःला सावरलं, तर पाणी दुसरीकडे धावलं. नावेतलं पाणी म्हणजे नुसतं जास्तीचं वजन, अशी माझी समजूत होती. ते वजन पळतं, आणि नेमकं जी बाजू आधीच खाली गेली आहे तिकडेच पळतं. म्हणून नावेत पाणी साठू द्यायचं नाही, थोडं असलं तरी उपसायचं, आणि उपसायचा डबा दोरीने बांधून ठेवायचा. डबा न बांधता ठेवला तर पहिल्या हेलकाव्याला तोच वाहून जातो. हेही तिथेच दिसलं.

मग नाव पूर्ण भरली. काठ पाण्याबरोबर आले, पण ती खाली गेली नाही. फोम खरा निघाला. दोघं बाजूंना लोंबकळले तरी तिने धरलं. मामांनी भाच्याला पुन्हा पुन्हा सांगितलं ते हेच: नाव उलटो की भरो, नाव सोडायची नाही. काठ जवळ दिसतो म्हणून माणूस पोहायला निघतो. पाण्यावरून अंतर नेहमी कमी वाटतं. "तुले पोवता येते, मले मायीत हाये. पन दमल्यावर येते का?" त्यानंतर आत चढायचा सराव. एकाने एका टोकाला नाव धरायची, दुसऱ्याने समोरच्या टोकावरून पोटावर सरपटत आत यायचं. बाजूने चढायला गेलं की ती उलटते. तेही मुद्दाम करून पाहिलं. शेवटी नाव झोके देऊन निम्मं पाणी बाहेर फेकायचं आणि उरलेलं डब्याने उपसायचं. सगळं करून दोघं थकून काठावर बसले. मला वाटतं, पहिल्यांदा नाव घेणाऱ्या प्रत्येकाने हा एक दिवस द्यायलाच हवा. आपली नाव संकटात कशी वागते, हे संकट आल्यावर पहिल्यांदा पाहायचं नसतं.

ओझ्याचा हिशेब मात्र असा पाहून कळत नाही, कारण तो फसवा असतो. नावेचा पाण्याला टेकलेला भाग साडेतीन चौरस मीटरचा धरला, तर ७५ किलोचा माणूस तिला फक्त दोन सेंटीमीटर खाली नेतो. चौथा बसला, दोन सेंटीमीटर. पाचवा बसला, आणखी दोन. काठावरच्या कुणाच्याही डोळ्याला खटकत नाही. शांत पाण्यात सहा जणही पलीकडे जातात, दहा वेळा जातात, आणि त्या दहा वेळांचाच भरवसा बसतो. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण गेले. दशक्रियेसाठी जमलेले एकमेकांचे नातलग होते. आपल्याकडे नाव उलटून बुडणाऱ्यांत मासेमारांखेरीज असे नुसते बसलेले लोकही असतात: देवदर्शनाला निघालेले, पलीकडच्या गावी लग्नाला चाललेले, फोटो काढायला आलेले. त्यांना पाण्याचं काही माहीत नसतं, आणि तो त्यांचा दोष नाही. माहीत असतं ते नावेच्या मालकाला. त्यामुळे वल्हं मारता येणं ही मालकाची अर्धी लायकी. ओळखीच्या, वयाने मोठ्या, हात जोडणाऱ्या माणसाला काठावरच "नाही" म्हणता येणं, ही उरलेली अर्धी. गावात राहून हे फार अवघड आहे.

वाऱ्यालाही असंच नाही म्हणावं लागतं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडली. सात जणांपैकी एक पोहत काठाला लागला, सहा गेले. तारीख पाहा: मे अखेर. दिवसभर तापलेली जमीन, दुपारनंतर वर चढणारे ढग, आणि पावसाआधी धाडकन येणारा वारा. ईसापूरसारख्या मोठ्या पाण्यावर वाऱ्याला मोकळं मैदान मिळतं. ज्या काठाकडे तो वाहतो तिथे लाट सर्वांत उंच असते, आणि उथळ पाण्यात ती आणखी उभी होते. मामा आभाळ बघतात, भाचा मोबाइल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळ वीज पडत असल्याचा इशारा देतं, आणि उघड्या पाण्यावर नावेतल्या माणसाचं डोकंच सगळ्यांत उंच असतं. दोघांच्या रीतींत भांडण नाही. दोघांपैकी एकाने जरी "नको" म्हटलं तरी नाव निघत नाही, हे त्यांनी ठरवून घेतलं आहे. वाऱ्यात सापडलंच तर घर ज्या काठाला आहे तिकडे झुंजत जायचं नाही; जो काठ आडोशाचा आणि जवळचा, तिथे नाव लावायची आणि चालत घरी यायचं. धरणाची भिंत, सांडवा आणि कालव्याचं तोंड यांच्या जवळ तर कोणत्याही हवेत जायचं नाही.

लाइफ जॅकेटवरून घरात बरीच बोलाचाली झाली. उकडतं, आणि जाळं ओढताना त्याचे आस, म्हणजे विणीतली भोकं, बकलात अडकतात, ही मामांची तक्रार खोटी नव्हती. भाच्याच्या आईने, म्हणजे मामांच्या बहिणीने, दोघांसाठीही आणायला लावली. बकलं पुढे कमीत कमी असलेली निवडली, पट्ट्यांची लोंबणारी टोकं आत खोचली, अडकणं थांबलं. घेताना खांद्याला धरून वर ओढून पाहायचं: हनुवटीच्या वर सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार. कमरेला दोरीने बांधलेली छोटी सुरीही हवीच. तंगूसचं जाळं पायात गुरफटलं तर ते हाताने तुटत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात बिनइंजिनाच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे करण्याची तरतूद आहे. इंजिन बसवलं की तपासणी आणि नोंदणीचे नियम बदलतात, म्हणून ते परस्पर बसवू नये. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, आणि हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. संस्थेच्या यादीत आपलं नाव आहे का, हे नाव पाण्यात घालण्याआधी विचारावं.

पोळ्याच्या सुमाराला पाणी वर आलं तेव्हा भाच्याने ऑइलपेंट आणून नावेच्या आत, बसायच्या फळीखाली लिहिलं: 'माणसं ३, जाळ्यासह २.' अक्षर सुरेख होतं. मामांनी वाचलं आणि पुसायला लावलं. आत लिहिलेलं बसल्यावर दिसतं, आणि बसलेल्याला उठवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. "बायेरून लिव. काठावर उभ्या मानसाले वाचता आलं पायजे." भाच्याने पुन्हा ब्रश घेतला आणि दोन्ही बाजूंना, बाहेरून, हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं.