ब्राउझरचा ताबा कुणाकडे?

नालासोपारा, नायगावच्या दोन खोल्यांच्या घरात कॉम्प्युटर बहुधा एकच असतो. मुलीचा स्कॉलरशिपचा फॉर्म, मुलाचा प्रोजेक्ट, अब्बांचं बँक खातं, सगळं एकाच ब्राउझरमधून चालतं. त्यामुळे तो बिघडला की फटका सगळ्या घराला बसतो.

गुगल उघडावं तर भलतंच सर्चचं पान येतं. बदललं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोपऱ्यात जाहिराती, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ अशा भीती घालणाऱ्या पाट्या. याला ब्राउझर हायजॅकिंग म्हणतात. आपला प्रत्येक शोध त्यांच्या पानावरून गेला की जाहिरातीचे पैसे त्यांना मिळतात. आपण काय शोधतो, कुठे जातो, तेही त्यांना कळतं.

जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाचा असाच प्रकार उघड केला. तिच्या अंदाजानुसार जगभरातल्या २५ कोटी कॉम्प्युटरमध्ये तो शिरला होता. त्यातले अडीच कोटींहून जास्त भारतातले, म्हणजे सर्व देशांत अधिक. मायक्रोसॉफ्टला हा आकडा फुगवलेला वाटला. फायरबॉल शिरायचा मात्र फुकटच्या सॉफ्टवेअरला चिकटून.

आपल्याकडे हे फुकट प्रकरण फार. उर्दू टायपिंग हवं म्हणून कुठलंतरी चोरीचं सॉफ्टवेअर उतरवायचं आणि न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत सुटायचं! खरं तर उर्दू आणि मराठी, दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच असतात. सेटिंग्जमध्ये भाषा जोडली की झालं.

ताबा गेलाच तर दुकानदार पहिल्यांदा ‘फॉरमॅट करू’ म्हणतो. घाई करू नका. निकाहचे फोटो, मुलांची कागदपत्रं त्यात जातील. आधी कंट्रोल पॅनेलमध्ये अलीकडे आलेले अनोळखी प्रोग्राम काढा. मग क्रोममधली अनोळखी एक्स्टेन्शन काढा. ‘नोटिफिकेशन’मध्ये ज्या साइटना नकळत ‘अलाउ’ म्हटलंय त्या बंद करा. व्हायरसच्या पाट्या पुष्कळदा तिथूनच येतात. तरी सुटका नसेल तर क्रोमच्या सेटिंग्जमधलं ‘रीसेट’ वापरा. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड त्यात जात नाहीत. शेवटी विंडोजच्याच डिफेंडरने पूर्ण स्कॅन करा. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधनं मिळतात.

सफाई झाल्यावर बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, तेही दुसऱ्या, चांगल्या उपकरणावरून. मुलांसाठी वेगळं ‘स्टँडर्ड’ खातं उघडा. पुष्कळशी सॉफ्टवेअर मग मोठ्यांच्या पासवर्डशिवाय बसत नाहीत. मुलांवर ओरडू मात्र नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाहीत.

पाटीवरच्या नंबरला फोन करू नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.