नानीकडची सुट्टी आणि हाताचा हुनर

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या घरांत एकच घाई सुरू होते. बॅगा भरल्या जातात, एस.टी.चे तिकीट निघते आणि मुले नानीकडे नाहीतर दादीकडे पोहोचतात. पहिला दिवस मजेत जातो. सलाम होतो, लाड होतात, आंबे कापले जातात. दुसऱ्या दिवशी मामू बाजारात फिरवून आणतात. तिसऱ्या दिवसापासून चित्र बदलते. नातू कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतो, नात ‘अम्मी, बोअर होतंय’ म्हणून मागे लागते आणि नानी खाटेवर बसून दोघांकडे पाहत राहते. ‘जेवलास का?’ आणि ‘अभ्यास करतोस ना?’ हे दोन प्रश्न विचारून झाले की पुढे काय बोलावे हे तिलाही सुचत नाही आणि मुलांनाही.

प्रेम दोन्हीकडे भरपूर आहे. अडते ते भाषेपाशी आणि अनुभवापाशी. नानी दखनी किंवा कोकणी बोलीत बोलते. मुले शाळेत मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. नानांनी जपून ठेवलेली जुनी पत्रे उर्दूत आहेत आणि ती वाचता येणारे घरात आता एक-दोघेच उरले आहेत. मुलांच्या खेळांची नावे नानांना कळत नाहीत आणि नानांच्या तरुणपणाचे जग मुलांना दिसत नाही. अशा दोन माणसांना समोरासमोर बसवून ‘बोला’ म्हटले, तर ती बोलत नाहीत. त्यांच्या हातात एकच काम दिले, तर मात्र बोलणे आपोआप सुरू होते. वर्गातही मी हे रोज पाहते. प्रश्न विचारल्यावर मान खाली घालणारे मूल कागद चिकटवता चिकटवता घरातली सगळी हकिकत सांगून मोकळे होते.

म्हणूनच मुलांचे छंदवर्ग शोधण्याआधी आपण नाना-नानींच्या हातांकडे पाहिले पाहिजे.

जुन्या कपड्यांची वाकळ

कोणी वाकळ म्हणते, कोणी गोधडी. जुन्या सुती साड्या, ओढण्या, कुर्ते यांचे थर एकावर एक अंथरायचे, मोठे टाके घालून ते जागेवर बसवायचे आणि मग काठापासून आत आत धावदोरा घालत जायचे. याला यंत्र लागत नाही की विकतचे सामान लागत नाही. सुई, जाड दोरा आणि घरातले जुने कपडे पुरे होतात. शेजारच्या कर्नाटकातील सिद्दी स्त्रिया अशाच गोधड्या शिवतात. त्यांना ‘कवंदी’ म्हणतात आणि आज त्या दूरदूरच्या प्रदर्शनांत मांडल्या जातात. आपल्या नानीच्या पेटीतली वाकळही त्याच कुळातली आहे. फरक एवढाच, की आपण ती जुनी झाली म्हणून माळ्यावर टाकतो.

मुलांसाठी वाकळीची खरी गंमत तिच्या तुकड्यांत असते. ‘हा निळा तुकडा तुझ्या अम्मीच्या शाळेच्या गणवेशाचा. हा तुझ्या मामूच्या पहिल्या ईदच्या कुर्त्याचा. ही माझी साडी, तुझ्या नानांनी पहिल्या पगारात आणलेली.’ एरवी ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात झाली की मुले उठून जातात. इथे कापडाचा तुकडा हातात असतो, म्हणून ती ऐकतात आणि पुढचा तुकडा उचलून स्वतःच विचारतात, ‘आणि हा कुणाचा?’

बोरू, शाई आणि तीन नुक्ते

काही घरांत नाना किंवा दादा सुंदर उर्दू लिहितात. त्यांच्यासाठी बोरूसारखे दुसरे साधन नाही. बोरू मिळाला नाही तर बांबूची बारीक काडी चालते. तिचे टोक तासून तिरके कापायचे. या कापाला कातिब लोक ‘कत’ म्हणतात. चाकूचे काम अर्थातच मोठ्यांनी करावे. मग दौत, शाई आणि गुळगुळीत कागद घेऊन बसावे.

उर्दूच्या नस्तालीक लिपीत अक्षराचे माप पट्टीने घेत नाहीत, नुक्त्याने घेतात. बोरू कागदावर टेकवून थोडा ओढला की जो चौकोनी ठिपका उमटतो, तो नुक्ता. अलिफची उंची साधारण तीन नुक्ते. आधी तीन ठिपके एकाखाली एक काढायचे आणि त्यांच्या शेजारी अलिफ ओढायचा. बोरू जाड असेल तर अक्षर मोठे, बारीक असेल तर लहान, पण प्रमाण तेच. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे गणित फार आवडते, कारण आपले अक्षर बरोबर आले की नाही हे त्याचे त्यालाच तपासता येते.

मुलांना आणखी एक गोष्ट जरूर सांगावी. याच बोरूने आपल्याकडे बाळबोध आणि मोडीही लिहिली जात असे. कापाचा कोन वेगळा, काडी तीच. म्हणून मुलाने आपले नाव एकाच कागदावर दोन्ही लिप्यांत लिहावे. उर्दूतले उजवीकडून, मराठीतले डावीकडून. दोन्ही नावे मध्यावर येऊन भेटतात आणि दोन्ही आपलीच आहेत हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एके काळी उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हाताने लिहूनच छापली जात. चेन्नईत १९२७ साली सुरू झालेल्या ‘द मुसलमान’ या दैनिकाने संगणकाच्या काळातही हाताने लिहिण्याची ही रीत टिकवली. इतरत्र संगणक आला आणि कातिबाचा व्यवसाय मागे पडला. व्यवसाय गेला याला इलाज नव्हता. घरातून लिपीच गेली, तर मात्र नानांची पत्रे, घरच्या जुन्या नोंदी, पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या दुआ हे सगळे आपल्याच मुलांसाठी बंद कुलूप होईल. सुट्टीतल्या पंधरा दिवसांत मूल उर्दू शिकणार नाही हे खरे. पण स्वतःचे, अम्मीचे, अब्बूंचे आणि नाना-नानीचे नाव एवढी पाच नावे ते नक्की लिहू लागेल. पुढे पत्राखालची नानांची सही ओळखता आली, तरी कुलपाची किल्ली हाती लागली असे समजावे.

कोणत्या वयाला कोणते काम

चार-पाच वर्षांच्या मुलांना दोरे रंगांप्रमाणे वेगळे करणे, मोठ्या मण्यांची माळ ओवणे, चिंधीतून बटणे निवडणे अशी कामे द्यावीत. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना बोथट जाड सुई देऊन गोणपाटावर टाके घालू द्यावेत. शेवयांचे यंत्र असेल तर दांडा फिरवण्याचे कामही याच वयाला शोभते. नानी पिठाचा गोळा भरते, नातू दांडा फिरवतो, नात खाली ताट धरते आणि ईदच्या शीरखुर्म्यात तिघांचाही वाटा असतो. नऊ-दहा वर्षांपुढे खरी सुई, धावदोरा आणि बोरू. सुया मोजून द्याव्यात आणि उठताना मोजूनच परत घ्याव्यात.

अशा कामांनी बोटांना बळ येते आणि पेन्सिल धरण्याची तयारी होते, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. शिंपले, गोटे, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तूंनाच त्यांनी शैक्षणिक साहित्य बनवले. नानीची चिंध्यांची पिशवी आणि बटणांचा डबा त्याच पंगतीत बसतो.

आई-वडिलांचे काम

पहिली गोष्ट, नाना-नानींना विचारून ठरवावे. गुडघे दुखतात, डोळ्यांना अंधुक दिसते, दुपारची झोप लागते. असरच्या नमाजनंतरचा अर्धा तास पुरेसा आहे. मुले त्यांच्या ताब्यात देऊन आपण दिवसभर बाहेर जाणे म्हणजे त्यांना पाळणाघर चालवायला लावणे होय. त्यात त्यांचा हुनर कामी येत नाही, फक्त दमणूक होते. सुईत दोरा ओवण्याचे काम नातवंडांकडे द्यावे. नानीला दिसत नाही आणि नातीला दिसते, एवढ्यावरच दोघींची भागीदारी जमते.

दुसरी गोष्ट, मध्ये बोलू नये. टाका वाकडा पडला तर तो नानीला दिसतोच. उसवायचा की ठेवायचा हे तिने ठरवावे. फोटोचा मोहही थोडा आवरावा. कॅमेरा समोर आला की मूल काम सोडून कॅमेऱ्याकडे पाहते.

तिसरी गोष्ट परदेशी राहणाऱ्यांसाठी. कोकणातली कितीतरी घरे कुवेत, दुबईला विभागलेली आहेत. तिथल्या मुलांनी वर्षभर आपल्या जुन्या कपड्यांतून हातभर तुकडे कापून ठेवावेत आणि गावी येताना सोबत आणावेत. व्हिडिओ कॉलवर ‘कशी आहेस?’च्या पुढे जायला ‘नानी, हा रंग चालेल का?’ हा प्रश्न फार उपयोगी पडतो. आणि ज्यांचे नाना-नानी, दादा-दादी अल्लाहकडे गेले आहेत, त्यांच्यासाठी मोठी खाला आहे, फुफी आहे, शेजारच्या दादी आहेत.

प्रेषित मुहम्मद (स.) आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज अदा करत, सजद्याला जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा उचलून घेत, अशी नोंद बुखारी आणि मुस्लिम या हदीस संग्रहांत आहे. उमामा ही त्यांच्या मुलीची, जैनब (रजि.) यांची मुलगी. म्हणजे हे नाना-नातीचेच नाते. नातवंडाला जवळ घ्यायला आधी सगळे काम संपावे लागत नाही, कामात असतानाही ते जवळ असू शकते, एवढा धडा आपण यातून नक्की घेऊ शकतो.

शेवटची सूचना छोटी आहे. निघण्याच्या दिवशी घाई करून वाकळ पूर्ण करू नका. सुई कापडात तशीच टोचून, घडी घालून नानीच्या पेटीत ठेवा. बोरू आणि दौत नानांच्या कपाटात राहू द्या. अर्धे काम मागे राहिले की मूल एस.टी.त बसतानाच विचारते, ‘आता पुन्हा कधी यायचे?’ आणि दारात उभ्या असलेल्या नानीला, दोन प्रश्नांच्या पुढचा तिसरा प्रश्न सापडलेला असतो, ‘ईदला येशील ना? हिरवा तुकडा शोधून ठेवते.’