बुधवारी रात्री आठ वाजता

टिळकवाडीच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठी शिकवून गेलेले पु. ल. देशपांडे १९५५ साली आकाशवाणीत रुजू झाले, तेव्हा तेथे एक प्रहसन आधीच रंगात आले होते. त्याला लेखक मात्र कोणी विनोदी नव्हता.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताच्या या अभिमान्याला चित्रपटगीते हिणकस वाटत. त्यांनी त्या गीतांचा वेळ घटविला. चित्रपटाचे नाव सांगणे ही फुकटची जाहिरात, म्हणून तेही थांबविले. रागावलेल्या निर्मात्यांनी गाण्यांची परवानगीच काढून घेतली. म्हणजे मंत्र्यांनी मागितले त्याहून अधिक दिले!

या तंट्यात श्रोत्याला कोणी विचारले नव्हते. त्याच्या हाती फक्त रेडिओची कळ होती, आणि ती त्याने फिरविली. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजले की घरोघरचे काटे कोलंबोवर स्थिरावत. दंतमंजनाच्या जाहिरातीसह ऐकावे लागे, पण तक्रार कोणाची?

अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, केसकरांच्याच कारकिर्दीत, ‘विविध भारती’ निघाली आणि बहिष्कृत गाणी सन्मानाने घरी परतली. गीतमालेला मात्र सिलोनहून विविध भारतीवर यायला १९८९ साल उजाडले.